दुसरीचे झाकण

माझ्या पेटीत छप्पन्न सेल आहेत, त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, एक हिरवा सर्किट बोर्ड, दोन जाड वायरी आणि बारा स्क्रूंच्या जागी अकरा स्क्रू. वर एक झाकण. मित्रांनो, मी मालवाहू तीनचाकीची जुनी बॅटरी आहे आणि माझ्या गोष्टीतला सगळा घोळ त्या झाकणाचा आहे.

कारखान्यात माझे सेल तपासून, वेचून बसवले. तिथून मी थेट लाँड्रीवाल्या काकूंच्या गाडीत आले. इस्पितळाच्या मळक्या चादरी आणायच्या आणि धुतलेल्या परत पोहोचवायच्या, हे आमचे काम. चढावर मी कधी मान टाकली नाही. काकू सीटवर थाप मारून म्हणायच्या, "घरातल्या माणसांपेक्षा हीच बरी. खाते कमी आणि बोलत तर नाहीच." पुढे वयोमानाने दुसरी फेरी संपता संपता मला धाप लागू लागली. मग थाप थांबली आणि 'मेली' हा शब्द सुरू झाला.

त्याच सुमारास नव्या नियमाची चर्चा कानावर आली. आमच्यासारख्या बॅटऱ्यांना डिजिटल ओळखपत्र लागणार होते. ती कधी बनली, किती वापरली, तिच्यावर काय बेतले, कोणी दुरुस्त केली, हे सगळे त्यात. पेटीवरचा चौकोनी कोड मोबाइलने स्कॅन केला की कुंडली समोर.

आमच्या दुरुस्तीच्या दुकानात ताई आणि तिचा धाकटा भाऊ काम करतात. नियम डोक्यावर येऊन बसायच्या आत तयारी करावी, म्हणून ताईने सगळ्या गिऱ्हाइकांच्या बॅटऱ्या मागवल्या. प्रत्येक पेटी तपासून तिने नोंद केली आणि कोड झाकणावर चिकटवला, कारण झाकण चटकन दिसते. नोंदीला फोटोही हवे होते. धाकट्याला टापटिपीची भारी हौस. त्याने सगळी झाकणे काढून एकदम हौदात टाकली, घासली, उन्हात वाळवली आणि जे जिथे बसले तिथे लावून टाकले. सगळी एकाच मापाची. त्याच्या लेखी झाकण म्हणजे झाकण.

आता माझ्यावरचा कोड सांगू लागला, 'तळघरात पाणी शिरले तेव्हा बुडालेली. वापरू नये.' मला भंगाराच्या रांगेत ठेवले. माझे झाकण घालून दुसरीच पेटी काकूंबरोबर गेली. झाकणावरचा ओरखडा पाहून काकूंनीही ती आपली मानली.

भंगारात देण्याआधी दिव्यांची माळ जोडून बॅटरीतली उरलेली वीज संपवायची, ही ताईची पद्धत. माझ्यावर माळ जोडली. धाकट्याचा चहा पिऊन झाला, तरी दिवे जळतच होते.

"बुडालेली बॅटरी आणि एवढा दम?" ताई म्हणाली.

"असतो एखादीचा जीव चिवट. आपल्या आत्यासारखा."

ताईने झाकण उघडले. आत ना चिखल, ना गंज. पट्ट्यांच्या फटींत पांढरी, मऊ धूळ साचली होती. तिने ती चिमटीत धरली.

"अरे, हा चादरींचा कापूस आहे. ही काकूंची बॅटरी. मग काकूंकडे कोणती गेली?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "झाकणं... मी सगळी एकत्र धुतली."

ताईने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काकू, बॅटरी कुठे आहे?"

"जिन्याखाली, चार्जिंगला. सकाळपासून लावलीय, भरतच नाही मेली. गरम मात्र झालीय. सासूबाई तिला टेकून पाठ शेकत बसल्यात."

"आधी बटण बंद करा. मग सगळे घराबाहेर पडा. सासूबाईसुद्धा."

"अगं, बॅटरी हलेल एक वेळ. सासूबाई नाही हलायच्या!"

"काकू, ती तुमची नाही. पाण्यात बुडालेली आहे. पेट घेईल."

 पलीकडून काकूंचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. "आई, उठा. माझ्या खांद्याला धरा."

ताईने मला टेम्पोत टाकले, वाळूची पोती आणि लांब आकडा घेतला. आम्ही पोहोचलो तेव्हा सासूबाई रस्त्यापलीकडे खुर्चीवर बसून, आपली चप्पल आत राहिल्याचे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. बहीणभावांनी आकड्याने ती पेटी ओढत अंगणाच्या टोकाला नेली आणि भोवती पोती रचली.

"चूक माझी," धाकटा म्हणाला.

"अर्धी. कोड झाकणावर मी चिकटवला."

आता सेल ज्या खालच्या भागात जखडलेले असतात, त्याच्याच अंगावर ताई कोड लावते. मी पुन्हा काकूंच्या गाडीत आहे, दिवसाला एकच फेरी करते. मित्रांनो, आम्हाला पुसून चकचकीत ठेवलेत तर छानच. पण आमच्यावर काय बेतले, ते आमच्याच अंगावर राहू द्या.

त्या दुपारी ताईने लांबून तापमापक रोखून त्या पेटीचे तापमान दोनदा मोजले. अंगणात आणली तेव्हा ते शेहेचाळीस अंश होते. चार्जिंग बंद करून तास उलटल्यावर ते एकाहत्तर होते.