वाटीपुरता भात

"वहिनी, आत येऊ की इथूनच देऊ?"

धाकटा दीर चपला हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता. गांजा ओढतो म्हणून शिंपीणबाईंनीच त्याला कधीकाळी घराबाहेर काढलं होतं. "या घरात तुमची पुडी राहील, नाहीतर मी," असं तोंडावर सुनावून. आणि काल त्यांनीच त्याला फोन केला. अडला हरी, दुसरं काय!

"या हो भाऊजी. जुनं उगाळू नका."

केमो सुरू झाल्यापासून शिंप्याच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. त्याने स्वतःच्याच सैल झालेल्या पँटी मशीनवर कमरेत आत घेतल्या, मग पायांतला जोर गेल्यावर बाईंनी घेतल्या. दवाखान्याच्या रांगेतली एक बाई कानाशी लागून म्हणाली होती, "आमच्या ह्यांना गांजानंच दोन घास जातात बघा." माणूस जाणार, हे बाईंना कळून चुकलं होतं. पण उपाशी जाऊ नये हो, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं.

दिराने खिडकी उघडली, सिगारेट वळून भावाच्या ओठांना लावली.

"दादा, शाळेमागं पहिली बिडी तूच दिली होतीस मला."

"गप रे, ती ऐकतेय!" शिंपी खोकत खोकत हसला. थोड्या वेळाने म्हणाला, "भात झालाय का गं?"

बाई धावल्याच. त्याने मऊ भाताची वाटी बोटाने निपटून चाटली. "अजून आण."

पातेलं रिकामं होतं. रोज टाकून द्यावं लागतं म्हणून बाई हल्ली वाटीपुरताच भात लावत होत्या. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"कोपऱ्यावरच्या हॉटेलातून आणू?" दिराने विचारलं.

"नको! माझ्या हातचं मागितलंय त्यांनी." त्यांनी घाईघाईने कुकर लावला.

शिट्ट्या झाल्या, वाफ जिरली. बाई ताट भरून आल्या तोवर शिंप्याने नाकावर पालथा हात धरून भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

"ने ते. वास सोसत नाही."

"उद्या परत येतो, दादा."

"नको रे. तो धूर छातीत मावत नाही आता."

बाई ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते दिरापुढे ठेवलं.

"जेवा भाऊजी."

तो मान खाली घालून जेवू लागला. डोळे गळत होते, तरी घास थांबवले नाहीत त्याने. बाई पातेलं घेऊन त्याच्यासमोर बसल्या.

"अजून वाढू?" त्या म्हणाल्या. "पुष्कळ आहे."