भिंतीकडे तोंड

“टाका नंबर. मी तोंड फिरवतो,” असं म्हणत कानिफनाथने गिऱ्हाइकाकडे पाठ केली आणि भिंतीवरच्या साखर कारखान्याच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. काउंटरपलीकडे एक म्हातारबा नव्या मोबाईलच्या कुलपाचे चार आकडे बोटाने शोधत होते, आणि सापडला की आकडा मोठ्याने म्हणतही होते. कानिफनाथने दोन्ही कानांवर हात ठेवले. “मनातल्या मनात, बाबा,” तो भिंतीलाच म्हणाला.

मिरजगावात हायवेला लागून असलेलं ‘पूजा मोबाईल’ बारा वर्षं या तोंड फिरवण्यावर चाललं होतं. मोबाईल काय, कर्जतलाही मिळतो आणि नगरला तर दुकानांची रांगच आहे. पण दुसऱ्याचा नंबर दिसू नये म्हणून पाठ करून उभा राहणारा दुकानदार पंचक्रोशीत हा एकच. त्यामुळे बायका एकट्या आल्या तरी बिनघोर त्याच्या हातात फोन देत.

माणूस मुळातच संशयी. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघायचा, गाडीपर्यंत जायचा आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. स्वतःच्या मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर त्याने जखमेला लावायची चिकटपट्टी लावली होती. देवाने दर्शन दिलं तरी हे आधी आधार कार्ड मागतील, असं त्याची बायको म्हणायची. तोंड न पोळताच ताक फुंकून पिणाऱ्यांतला तो होता.

एका बाबतीत मात्र तो सढळ होता. नवा फोन सुरू करायला मेल आयडी लागतो, आणि शेतातून थेट दुकानात आलेल्या माणसाकडे तो कुठला असणार? मग कानिफनाथ त्याच्या फोनमध्ये दुकानाचाच आयडी टाकून द्यायचा, लेकीच्या नावाने काढलेला. माणसाचा खोळंबा होत नसे, दुवा मिळत असे. यात संशय घ्यावा असं काही आहे, हे त्या संशयी डोक्यात बारा वर्षांत एकदाही आलं नाही.

श्रावणातल्या एका बाजारच्या दिवशी आदिनाथच्या चहाच्या हॉटेलात ती गोष्ट घडली. आदिनाथने उन्हाळ्यात भिंतीएवढा टीव्ही घेतला होता. मॅच संपली की त्यावर आपोआप डोंगर, नद्या, समुद्र अशी चित्रं यायची. त्या सकाळी टीव्हीने पडद्यावर काहीतरी विचारलं आणि आदिनाथने नेहमीसारखं न वाचता बटण दाबलं. मग डोंगर गेला, नदी गेली आणि पडद्यावर एक बाई आली. पदर नव्हता, चोळी नव्हती. उजवी छाती होती, डावीकडे छातीच्या जागी नुसती टाक्यांची लांब रेघ, एका टोकाला ओली. चेहरा अर्धाच होता, पण गावाला तेवढा पुरला. आदिनाथने धावत जाऊन वायर उपटली तोवर बारा माणसांचे चहाचे पेले तोंडाशी थांबले होते.

रतनबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी खिचडी भरवलेली. उन्हाळ्यात नगरला त्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पोटाची गाठ काढली असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. खरं काय ते घरात मुलगा अमृत आणि सून निकिता यांनाच ठाऊक होतं. जखम चिघळली तेव्हा डॉक्टरांनी फोटो पाठवायला सांगितला. निकिताने तो रतनबाईंच्याच फोनवर काढला आणि तिथूनच स्वतःकडे घेऊन डॉक्टरांना धाडला. एवढीच त्या फोटोची कथा होती, पण आता ती गावाच्या तोंडी लागली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात सगळे कानिफनाथभोवती जमले. मोबाईलमधलं त्याच्याइतकं कुणाला कळणार? कुणी म्हणालं, कंपाउंडरचं काम असेल. कुणी म्हणालं, ते हॅकर असतात ना, त्यांचं. कानिफनाथने बशीतला चहा फुंकला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

“फोटो काय चालत येतो व्हय? पाठवनारा हात घरातलाच असतो.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत रतनबाईंच्या ओट्यावर पोचलं. घरातला हात म्हणजे कुणाचा? मुलगा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. राहिली निकिता. लग्नाला तीन वर्षं झालेली, सदा फोन हातात असलेली. रतनबाई भांडल्या नाहीत. त्यांनी निकिताच्या हातचं पाणी घेणं बंद केलं. पंधराव्या दिवशी निकिता पिशवी भरून शेवगावला माहेरी निघून गेली.

इकडे कानिफनाथच्या दुकानात मात्र माणूस मावेना. जो तो आपला फोन चोरासारखा धरून यायचा. माझा फोटो कुठं गेला नसेल ना, हा कॅमेरा आपोआप चालू होतो का, व्याह्याच्या टीव्हीवर आमचं काही दिसेल का? गावातली ही धग मोबाईलची ॲप विकणाऱ्या एका कंपनीला केडगावात बसून कशी लागली देव जाणे, पण आठवड्याच्या आत करण नावाचा तरतरीत साहेब फ्लेक्स घेऊन हजर झाला. फ्लेक्सवर भलंमोठं कुलूप, खाली ‘फोटो-कवच : तुमचं ते फक्त तुमचं’. योजना वर्षाची होती आणि मोबाईलच्या पाठीवर चिकटवायला कुलपाचं निळं स्टिकर होतं. करण म्हणाला, काका, इथं आपल्याला पटवावं लागणार नाही, लोक आधीच घाबरलेत.

रिक्षावर लावायची जाहिरात कानिफनाथने स्वतःच्या आवाजात भरून दिली. “माता-भगिनींनो, जे परवा आपल्या गावात घडलं ते उद्या तुमच्या घरात घडू नये...” त्याने नाव घेतलं नव्हतं. तेवढी सभ्यता त्याच्यात होती, असं त्याला वाटत होतं. रिक्षा अंगणवाडीवरून गेली की रतनबाई हातातला डाव खाली ठेवायच्या, खिडकी लावून घ्यायच्या आणि परत वाढायला लागायच्या. हे त्याला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढच्या फोनला स्टिकर चिकटवलं. रतनबाईंनीही कुणाच्या तरी हाती आपला फोन पाठवून ते स्टिकर लावून घेतलं होतं.

राधाकृष्ण गुरुजी आले नसते तर हे असंच चाललं असतं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गुरुजी प्रत्येक कागद तपासायला दिल्यासारखा वाचत. त्यांनी चष्मा लावून फोनवरचं फोटो-कवच ॲप सुरुवातीपासून वाचायला घेतलं आणि एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

“इथं लिहिलंय, या आयडीवर चालू असलेले मोबाईल आणि टीव्ही. माझा तर एकच मोबाईल आहे. मग ही एवढी यादी कुणाची रे?”

कानिफनाथने वाकून पाहिलं. यादी बोटाने वर सरकवली तरी संपेना. “ॲप नवं हाय गुरुजी, चुकतंय कधी कधी,” तो म्हणाला. पण यादीच्या मध्यावर त्याला आदिनाथचा टीव्ही दिसला होता. तो टीव्ही त्यानेच बसवून दिला होता. आदिनाथकडे आयडी नव्हता, म्हणून दुकानाचा टाकला होता.

गुरुजी गेल्यावर भर दुपारी त्याने शटर अर्धं ओढलं आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर, बारा वर्षांत पहिल्यांदा, त्या आयडीचे फोटो उघडले. गाव उघडलं. कांद्याच्या चाळी, गोवर आलेली पोरं, आधार कार्डं, साखरपुडे, न्हाऊन केस पुसणाऱ्या लेकी, कुणाच्या तरी आईचं शेवटचं आजारपण. सगळं त्याच्या लेकीच्या नावाखाली येऊन साठलं होतं. लोकांचे चार आकडे दिसू नयेत म्हणून तो भिंतीकडे तोंड करत होता, आणि मागच्या बाजूने अख्खा संसार त्याच्याच घरात वाहत होता. रतनबाईंचा फोटो सापडला तेव्हा त्याने आधी डोळे मिटले, मग उघडले, कारण न बघता तो पुसता येईना. फोटो पुसला आणि टीव्ही त्या आयडीतून काढला.

त्याने करणला फोन लावला. करण हळू आवाजात म्हणाला, बोलू नका काका, हळूहळू एकेकाचा आयडी बदलून टाका, कुणाला कळणार आहे? सल्ला शहाणपणाचा होता. कुणाला कळणार नव्हतं. गुरुजींनासुद्धा ॲपचीच चूक वाटली होती. त्या रात्री कानिफनाथने कुलूप एकदाही ओढून बघितलं नाही.

तीन दिवस गेले. येणाऱ्याला तो स्टिकर लावत होता आणि गुपचूप आयडी बदलत होता. चौथ्या दिवशी अमृत आला. दाढी वाढलेली, ट्रक रस्त्यावर चालूच ठेवलेला. त्याने खिशातून निकिताचा फोन काढून काउंटरवर ठेवला. जाताना तिने तो मुद्दाम मागे ठेवला होता, हवं तर तपासा म्हणून.

“नाना, तुमी जानकार. हिनं कुनाकुनाला धाडला तेवढं काढून द्या. कागदावर द्या. मला सोडचिठ्ठीला लागंल.”

कानिफनाथने फोन उलटा केला. पाठीवर कुलपाचं निळं स्टिकर होतं. हे कधी तरी त्यानेच लावलं असणार. आत काय आहे हे त्याला उघडायच्या आधीच ठाऊक होतं, तरी त्याने उघडून पाहिलं. फोटो एकाच ठिकाणी गेला होता, डॉक्टरांकडे. खाली निकिताने लिहिलं होतं, ‘सर आई रडत आहेत लवकर सांगा’. एवढं लिहिणाऱ्या पोरीचा हात त्याने गावापुढे चोराचा ठरवला होता.

“ट्रक बंद कर,” तो अमृतला म्हणाला. “चल माझ्यासंगं.”

आदिनाथच्या हॉटेलात तीच माणसं, तेच पेले. बाहेरून रिक्षा चालली होती, माता-भगिनींनो. कानिफनाथ टीव्हीखाली उभा राहिला आणि स्वतःचाच आवाज लांब जाईपर्यंत थांबला.

“तो फोटो निकितानं धाडला न्हाई. डॉक्टरशिवाय कुनालाच न्हाई. रतनआक्काच्या फोनात माझा आयडी हाय, काढलेला फोटो आपसूक त्यात जातो. ह्या टीव्हीत बी माझाच हुता. म्हनून हितं दिसला. पाठवनारा हात घरातला असतो, असं मी हितंच बसून म्हनलो हुतो. तो हात माझा हुता. तुमच्या समद्यांचे फोटो माझ्याकडं हायेत.”

अमृतने कपाळाला हात लावला. आदिनाथ शेवटी म्हणाला, “कुंपनानंच शेत खाल्लं म्हना की.” मग कोपऱ्यातून गोरक्षने, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याने, हळूच विचारलं, “आन् बारा वर्षांत तू एकदाबी बघितलं न्हाई?”

“न्हाई,” कानिफनाथ म्हणाला. ते खरं होतं. चार दिवसांपूर्वीपर्यंत अगदी खरं. पण त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की हे एकच खरं आता कुणी मानणार नाही. कुणी बायकोचा विचार करत होतं, कुणी लेकीचा. त्यांच्या जागी तो स्वतः असता तर त्यानेही मानलं नसतं.

रिक्षा त्याने त्याच दिवशी थांबवली, फ्लेक्स उतरवला. मग दुकानापुढे रांग लागली ती आयडी काढून घेणाऱ्यांची. कुणी शिवी दिली नाही, पण फोनही कुणी हातात दिला नाही. आपला फोन आपल्याच मुठीत धरून ते काउंटरवर वाकत, कुठे दाबायचं तेवढं विचारत आणि त्याच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवून दाबत. बायका एकट्या यायच्या बंद झाल्या.

निकिताला आणायला अमृत गेला नाही. रतनबाई स्वतः एसटीने शेवगावला गेल्या आणि दोन दिवस तिच्या माहेरी राहिल्या. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी दोघी मिळून ‘पूजा मोबाईल’च्या पायऱ्या चढल्या. कानिफनाथ उठून उभा राहिला. रांगेतली माणसं आपोआप बाजूला झाली.

निकिताने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने सासूचा फोन काउंटरवर ठेवला आणि काय काय काढायचं ते त्याच्याकडून एकेक विचारून घेतलं. बोटं मात्र तिचीच चालत होती. तिने रतनबाईंच्या नावाचा नवा आयडी बनवला. रतनबाईंनी पाठीवरचं स्टिकर नखाने उकरायला घेतलं.

“नाथा, तू बघितलास फोटो?” त्यांनी विचारलं.

रांगेत सगळे कान देऊन होते. नाही म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी मानलंही असतं.

“पुसताना बघितला, आक्का. एकदाच.”

रतनबाईंनी मान हलवली. कुणी पेंडीचा भाव सांगावा तशा आवाजात त्या म्हणाल्या, “तू तोंड फिरवायचास, म्हनून मी तुज्याकडं येत हुते.”

“आत्याबाई, आता नवा नंबर टाका. चार आकडे,” निकिता म्हणाली. कानिफनाथने पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. कॅलेंडरवर अजून श्रावणच होता, पान उलटायचं राहून गेलं होतं. मागे बांगड्या वाजल्या, मोबाईल बारीकसा वाजला, मग पायऱ्यांवर चपला वाजल्या. तो तसाच उभा राहिला. रांगेतल्या कुणीच त्याला हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने तो वळला तेव्हा दोघी हायवे ओलांडत होत्या. निकिताने रतनबाईंच्या डाव्या दंडाखाली हात घातला होता आणि येणाऱ्या टेम्पोला दुसऱ्या हाताने थांबवलं होतं. काउंटरवर उकरून काढलेलं निळं कुलूप पडलं होतं. रांगेतला पुढचा माणूस फोन छातीशी धरून उभा होता.