दहा गावांसाठी एक घर

माझ्या कॉम्प्युटरमध्ये 'महाराज' नावाचं एक फोल्डर आहे. मंचरला माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि हा धंदा करायचा म्हणजे असलं फोल्डर लागतंच. गिऱ्हाईक येतं, साहेबांचा फोटो देतं, शुभेच्छुकांचे पंचवीस फोटो देतं आणि निघताना म्हणतं, "वर महाराजांचं कायतरी टाक, वजनदार." महाराज कधी काय बोलले याची त्याला पडलेली नसते. खरं सांगायचं तर मलाही नव्हती. जी ओळ जानेवारीत विवेकानंदांच्या नावावर जायची, तीच फेब्रुवारीत महाराजांच्या. एकानंही कधी विचारलं नाही, हे कुठल्या पुस्तकात आहे म्हणून. उलट परत यायचे आणि तसंच अजून एक दे म्हणायचे.

पाच वर्षांपूर्वी गोरखशेठचा वाढदिवस होता. गोरखशेठ आज आमच्या गावचे सरपंच आहेत, तेव्हा नुसतेच इच्छुक होते. गावाचं नाव सांगत नाही. लोणीच्या बाजूला आहे एवढं पुरे, मला तिथंच राहायचंय. फोल्डरमधल्या सगळ्या ओळींचा वापरून वापरून चोथा झाला होता आणि बोर्ड तर दुपारी तीनला हवा होता. मग मला आईचं बोलणं आठवलं.

आमचं मूळ घर डोंगरात होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. घर खाली करायला साहेब आले तेव्हा बाकीच्या बाया रडत होत्या. माझी आई, लंकाबाई, मला कडेवर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दहा गावांसाठी एक घर सोडावं. पन त्या घराचं नाव दहा गावांनी इसरू नये." वडील होते तोवर आल्यागेल्याला हे कौतुकानं सांगायचे. मी त्यातलं पहिलं वाक्य उचललं, दुसरं बोर्डवर मावेना म्हणून सोडून दिलं आणि खाली महाराजांचं नाव टाकलं. गोरखशेठ जाम खूश झाले.

ती ओळ मग सुटलीच. ट्रॅक्टरच्या मागे आली, शाळेच्या भिंतीवर आली, व्हॉट्सॲपवर उगवत्या सूर्याबरोबर आली. एका सभेत एका मोठ्या पुढाऱ्यानं ती डोळे मिटून म्हटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. लाज वाटायला हवी होती तिथं माझी छाती फुगली होती.

या वर्षी गावातला चौक मोठा करायचं निघालं. कमान, पुतळा, लायटिंग, सगळं. चौकाच्या कोपऱ्यावरच आईचं घर आहे, पुनर्वसनात मिळालेलं. डोंगरातल्या घराची चौकट उचलून आणून तिनं ती या दाराला बसवलीय. मी आणि माझी बायको उज्ज्वला पलीकडेच नव्या घरात राहतो, पण कितीदा बोलावलं तरी आई तिथून हलत नाही. "एकदा उठले," ती म्हणाली, "आता न्हाई उठायची." गोरखशेठनी घर मागायला दोनदा माणसं पाठवली. दोन्ही वेळा ती माणसं नुसती चहा पिऊन परत गेली.

त्यानंतर मला व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली. बारा बाय आठचा बोर्ड, महाराजांची ती ओळ आणि खाली 'समस्त ग्रामस्थ'. कुठं लावणार, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. छापला आणि पाठवून दिला. संध्याकाळी घरी आलो तर बोर्ड आईच्या दारासमोर, अगदी नाकासमोर उभा.

आईला वाचता येत नाही. तिनं उज्ज्वलाला विचारलं, काय लिवलंय गं? उज्ज्वलानं खालच्या नावासकट वाचून दाखवलं. आता आई आपल्याला फाडून खाणार म्हणून मी मान खाली घातली. वर बघितलं तर तिचा चेहरा उजळलेला.

"म्हाराज बी ह्येच म्हनले व्हते?" ती म्हणाली. "आगं बया! आन मला ठावं न्हाई. मी आपली माज्या मनाचं बोलले व्हते."

तिनं बोर्डाला हात जोडले. मग म्हणाली, "आता म्हाराजांच्या शब्दाला न्हाई कसं म्हनायचं?"

मी तिथंच बोलायला हवं होतं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्या थापेवर झालेला होता. चार दिवस ती शेजारणींना सांगत फिरली आणि चार दिवस मी दुकानात तोंड लपवून बसलो.

पाचव्या दिवशी सकाळी देवळापुढं ग्रामसभा भरली. गोरखशेठनी संमतीचा कागद पुढं केला. आईनं अंगठ्याला शाई लावून घेतली, आणि मी उठलो.

"थांबा," मी म्हणालो. "ती ओळ महाराजांची नाही. आईची आहे. महाराजांचं नाव मी टाकलं."

सभा पेटली. "म्हाराजांना खोटं पाडतो व्हय रं?" म्हणत कुणीतरी माझी कॉलर धरली. गोरखशेठनी हातानंच सगळ्यांना खाली बसवलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

"गोकुळभाऊ, यकदा काय ते ठरवा," ते म्हणाले. "वळ म्हाराजांची आसंल, तर कागद व्हऊ द्या. नसंल, तर म्हाराजांच्या नावानं तुमी आमाला खोटं इकलं. मग ह्या लोकांना काय ते तुमीच सांगा."

"खोटं छापलं," मी म्हणालो. "मीच छापलं."

आई आपल्या निळ्या अंगठ्याकडे बघत राहिली. "म्हाराजांनी मागितलं आसतं तर दिलं आसतं," ती गोरखशेठना म्हणाली. "तुमी मागताय, तर न्हाई." अंगठा पदराला पुसून ती निघून गेली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

घर राहिलं. माझ्या दुकानाच्या शटरला कुणीतरी डांबर फासलं, वाढदिवसांची कामं बंद झाली, हात जोडून माफीचा व्हिडिओ करावा लागला. ओळ मात्र अजून महाराजांच्याच नावानं फिरतेय. उलट लोक म्हणतात, गोकुळनं महाराजांची ओळ चोरून आईच्या नावावर लावली. यावर काय बोलणार, कप्पाळ!

आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाराजांचं नाव का म्हून टाकलं? माजं का न्हाई?"

"तुझं टाकलं असतं तर कुणी वाचलं नसतं, आई."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं होतं आणि तेच मला फार लागलं.

"आन पुढचं?" तिनं विचारलं. "घराचं नाव इसरू नये म्हनले व्हते मी. त्ये कुठं गेलं?"

"तेव्हा वाढदिवसाच्या बोर्डवर मावलं नाही. खाली शुभेच्छुकांचे फोटो फार होते."

लसणाची पाकळी तिच्या बोटात तशीच राहिली.

"तुजा व्हता का त्यात?"

"होता," मी म्हणालो.