बोटांना न सांगता

जिममध्ये धाकटीला सगळे गोचीड म्हणत. समोरच्याच्या पाठीला एकदा चिकटली की झटकून जायची नाही, म्हणून. नाव सरांनीच ठेवलं होतं आणि हाक अशी लाडाने मारत की वाटावं, मोठी पदवीच दिली आहे.

पण ही गोचीड सुटायची. समोरच्याने टॅप केलं की लगेच.

टॅप म्हणजे हार मानल्याची खूण. मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतीत गुद्दे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सांधा उलटा ताणणं, सगळं चालतं. म्हणून थांबायची एक खूण सगळ्यांनी पाळावीच लागते. मोकळ्या हाताने समोरच्याच्या अंगावर भराभर थोपटायचं. सरावात टॅप झालं की त्याच क्षणी पकड सोडायची, हा सरांच्या जिमचा कायदा होता. नवीन मुलींना ते पकडायला शिकवण्याआधी सोडायला शिकवत. "विचार करून सोडलंस म्हणजे उशीर झाला," असं त्यांचं म्हणणं. खऱ्या लढतीत मात्र नियम उलटा. पंच खांद्याला हात लावून थांबवत नाही तोवर सोडायचं नाही. नियम दोन, हात तेच.

ताईचा घात याच फटीत झाला होता.

ताई म्हणजे धाकटीची मोठी बहीण, तिच्या आधीची याच जिमची लढवय्यी. तिच्या शेवटच्या लढतीत समोर कात्री होती. कात्रीच्या पायांच्या विळख्यावरून तिला ते नाव पडलेलं, आणि ती एक हंगाम याच जिममध्ये सराव करून गेलेली. ताईने तिला मागून धरलं, गळा आवळला. ताईच्या म्हणण्याप्रमाणे कात्रीने टॅप केलं. ताईने सोडलं. कात्री वळली आणि तिने कोपर थेट ताईच्या डाव्या डोळ्यावर घातलं. पंचाने टॅप पाहिलं नव्हतं. चित्रफितीतही दिसलं नाही. डोळ्याचा पडदा सुटला तो सुटलाच, आणि लढण्याचा परवानाही गेला.

आता ताई औषधांच्या घाऊक दुकानात खोकी लावायची. एका डोळ्याला अंतर कळत नाही, म्हणून ग्लासात पाणी ओतताना ती आधी पाण्याच्या जगची चोच ग्लासाच्या काठाला टेकवायची आणि मग ओतायची. धाकटी रोज जेवताना ते बघायची. तो टक्क आवाज झाला की तिचा घास तोंडातच फिरायचा.

"दुसरीकडे बघ," ताई म्हणायची. "मी सांडत नाही आता."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय."

डोळा गेला त्यापेक्षा ताईला दुसरंच खात होतं. तिचं कोणी खरं मानलं नव्हतं. डोक्याला मार बसला की आठवणींची सरमिसळ होते, असं डॉक्टर म्हणाले होते. सर तर त्याहून सरळ बोलले होते. पहिल्या वर्षी ताई त्यावरून भांडायची. नंतर "केलं होतं" च्या जागी "केलं असावं" आलं, आणि मग तिने तो विषयच टाकला. धाकटीला कात्रीचा खरा राग तेव्हा आला. डोळा एका फटक्यात गेला होता, पण हे दुसरं कात्री रोज थोडं थोडं काढून नेत होती.

म्हणून तिने ठरवलं, कात्रीचा हात मोडायचा. वचनबिचन दिलं नाही, फोटोवर काट मारली नाही. वजनी गट बदलला, कात्रीच्या गटात आली आणि एकेक लढत जिंकत वर सरकत राहिली. पत्रकार विचारत, "पुढे कोण हवी?" ती कात्रीचं नाव घ्यायची आणि पाणी प्यायची. कोपराचा सांधा ताणणं हा तिचा हुकमी डाव. समोरचीच्या छातीवर पाय टाकून तिचा हात मांड्यांमध्ये घ्यायचा, मनगट दोन्ही हातांनी छातीशी धरायचं आणि कंबर वर उचलायची. कोपर जिकडे वळत नाही तिकडे वळू लागतं. टॅप येतं. कात्रीचंही येईल. तेव्हा सोडायचं नाही. पंच येऊन ओढेपर्यंत कंबर उचलत राहायचं. नियमात बसतं.

अडचण एकच होती. तिला न सोडणं जमत नव्हतं.

आधी तिने बाहुलीवर सराव केला. बाहुली टॅप करत नाही, त्यामुळे त्यातून काहीच कळलं नाही. मग एके दिवशी सरावातल्या जोडीदारणीचं टॅप झाल्यावरही धरून ठेवायचं असं मनाशी घोकून ती उतरली. टॅप झालं आणि बोटं उघडली. पुन्हा धरलं, पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा तिने दात आवळून पळभर धरलं, तर जोडीदारीण किंचाळली.

सरांनी तिला भिंतीशी नेलं. "काय चाललंय तुझं?"

"काही नाही, सर."

"ती तिकडे कोपराला बर्फ लावून बसलीय, आणि काही नाही? टॅप कळलं नाही तुला?"

"कळलं."

"मग?"

"बघत होते, धरून ठेवता येतं का."

"इथे सोडलं नाहीस तर उद्यापासून आरशाशी लढ, गोचीड. दुसरं कोणी यायचं नाही तुझ्यासमोर."

"ताईने सोडलं होतं. तिचं काय झालं?"

"तुझ्या ताईचं वाईट झालं. पण हरलेलं माणूस काहीही म्हणतं गं. मी हरायचो तेव्हा पंचाला शिव्या दिल्यात, हवेला दिल्यात, दातांच्या गार्डलासुद्धा दिल्यात."

सर वाईट नव्हते. नुसते चुकत होते, आणि तेही तिने मनात मांडून ठेवलं.

जोडीदारणीची माफी मागून झाल्यावर ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली. सवय डोक्यात असती तर घोकून मोडली असती. पण ही बोटांत होती. टॅपचा स्पर्श कातडीला कळायचा, बोटं उघडायची, आणि मग कुठे तिला कळायचं की सोडलं. बोटं तिला विचारतच नव्हती. मग बोटांना सांगायचंच कशाला? त्यांच्याकडून कामच काढून घ्यायचं. मनगट हातात धरायच्या ऐवजी काखेत दाबलं तर? काखेला सोडायला कोणीच शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती काखेत मनगट दाबून डाव खेळू लागली, आणि तोही अर्धाच. ताण येण्याआधीच आपणहून मोकळं करायची, म्हणजे काखेला टॅपची ओळखच होऊ नये. सरांना वाटलं, पोरगी शहाणी झाली. "आता बघा किती जपून खेळते," ते बाकीच्यांना सांगायचे.

लढतीच्या आदल्या दिवशी वजनं झाली. काट्यावरून उतरल्यावर दोघींना नाकासमोर नाक असं उभं केलं. कात्री हसत होती.

"ताई कशी आहे? तिला पुढच्या रांगेत बसव. तेवढंच दिसेल."

"ती माझ्या कोपऱ्यात असेल," धाकटी म्हणाली. "तुझं तुला दिसेल."

दुसऱ्या दिवशी लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात धाकटीच्या कोपऱ्यात सर होते आणि ताई होती, स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन. पहिली फेरी कात्रीची गेली. धाकटीची भुवई फुटली, बरगडीवर दोन लाथा बसल्या. स्टुलावर बसल्यावर ताईने तिच्या ओठांना बाटली नेमकी लावली, एक थेंब सांडला नाही.

"ती लाथ मारून उजवा हात खाली सोडते," ताई कानात म्हणाली. "मला इथून दिसतंय. मलासुद्धा."

दुसऱ्या फेरीत कात्रीने लाथ मारली आणि उजवा हात खाली सोडला. धाकटीने पाय पकडला, तिला पाठीवर पाडलं आणि तिच्या अंगावरून फिरून तो हात मांड्यांमध्ये घेतला. मनगट काखेत गेलं. काख मिटली. तळहात नुसतेच कात्रीच्या दंडावर टेकले होते. तिने कंबर उचलायला सुरुवात केली. कोपर सरळ झालं, मग सरळच्या थोडं पलीकडे गेलं.

पंच उजवीकडे वाकून कोपर बघत होता. डावीकडे, धाकटीच्या पोटरीमागे, कात्रीने मोकळ्या हाताने थोपटलं. हलकं, घाईचं, पोटरीच्या आडोशाला.

बोटं उघडली. इतके महिने ठरवून, इतकं घोकून, टॅपची वाट बघत बसलेल्या धाकटीची दहाही बोटं एखाद्या नवशिक्या मुलीसारखी उघडली. कंबरही थांबली. कंबरेलाही सवय असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळं अंग सोडून मोकळं झालं. मिटलेली राहिली ती फक्त काख.

कात्रीला दंडावरची बोटं उचलली गेलेली कळली, आणि तिने तेच केलं जे ताईच्या वेळी केलं होतं. सुटले असं समजून, सगळा जोर लावून, मारायला उठली. खरंच हार मानली असती तर ती पडून राहिली असती. पण अंग वर आलं आणि हात जागेवरच राहिला. कोपराचा आवाज ओली काडी मोडावी तसा झाला. पंचाने धाकटीच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिचे दोन्ही पंजे हवेत उघडे होते.

सर पिंजऱ्यात धावत आले आणि तिला उचलून घेतलं. "सुटायच्या नादात स्वतःचाच हात तोडून घेतला की बाईने. काय काखेत धरलंस गं."

"तिने टॅप केलं होतं, सर. मग उठली."

सरांच्या चेहऱ्यावर तोच जुना समजूतदार भाव आला. "जिंकलीस ना? मग जाऊ दे आता."

वर मोठ्या पडद्यावर तोच क्षण हळू करून दाखवत होते. कोपर दिसत होतं, पोटरीमागचं काही दिसत नव्हतं. धाकटीला वाटलं होतं, हात मोडल्यावर आतलं काहीतरी बसेल. काहीच बसलं नाही. हात कात्रीनेच कात्रीचा मोडला होता, हिने तर सोडला होता. आणि सांगायला गेलं तर ही पण आता ताईसारखीच, आपलंच काहीतरी सांगणारी.

ताई जवळ येऊन उभी होती. "केलं?" तिने विचारलं.

"केलं. माझ्या पोटरीवर."

ताईने मान हलवली, पण डोळा विचारत राहिला. तेवढ्याने तिचं भागत नव्हतं, हे धाकटीला कळलं. बहीण तर मानणारच. तिने ताईचा हात धरला. "चल."

लढतीनंतर धाकटीची आणि कात्रीची तपासणी एकाच खोलीत होती, मध्ये पडदा. धाकटीच्या भुवईला टाके घालणारी परिचारिका सुई आणायला वळली, तेवढ्यात धाकटीने ताईला पुढे घेत पडदा सरकवला. कात्री खाटेवर होती. हात फळीला बांधलेला, तोंड पांढरं, घामाने केस चिकटलेले. तिच्या माणसांना बाहेर पाठवून डॉक्टर फोनवर अस्थितज्ज्ञाशी बोलत होते.

"काय बघायला आलात?" कात्री म्हणाली.

"ताईच्या वेळी टॅप केलं होतंस," धाकटी म्हणाली. "तिला सांग."

"कशासाठी?"

"आज तुझं टॅप खरं असतं, तर तुझा हात शाबूत असता. हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी बाहेर जाऊन काय बोलू ते तू ठरव."

"कोण मानणार तुझं?"

"कोणी नाही. पण तुझ्या पुढच्या सगळ्याजणी ऐकतील. तू थोपटलंस तर त्यातली एकही सोडणार नाही. खरं थोपटलंस तरी."

कात्रीने फळीकडे पाहिलं. बोलली ती ताईकडे न बघता. "केलं होतं. पंचाने थांबवलं नव्हतं. सोडलं हिने."

"कुठे?" ताईने विचारलं.

"काय कुठे?"

"टॅप. कुठे केलंस?"

"दंडावर. आतल्या बाजूला."

"मला मनगट वाटायचं," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, हरवलेलं बिल सापडावं तसा. "जागा चुकत होती माझी. टॅप नाही."

धाकटीला वाटलं, आता ताई रडेल, किंवा त्या बांधलेल्या हाताकडे बघून पाझरेल आणि म्हणेल, चल गं, पुरे. तशी ती मऊ होती. ताईने कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची ओढली. पायांचा फरशीवर करकरत आवाज झाला आणि कात्रीचं अंग दुखून आकसलं. ताईने खुर्ची खाटेच्या अगदी जवळ आणली, हाताने अंतर चाचपून, आणि नीट बसली.

डॉक्टर फोन ठेवून वळले. "तुम्ही इथे कशा? यांना आता न्यायचंय."

"न्या की," ताई म्हणाली. "गाडी येईपर्यंत बसते." मग ती कात्रीकडे वळली. "गळा धरला तिथपासून सांग. सावकाश. आणि बाहेर आमचे सर उभे आहेत, धाकटी बोलावतेय त्यांना. ते आले की पुन्हा पहिल्यापासून."