बिनशिक्क्याची पोथी

मी एक जुनी पोथी आहे आणि माझं वजन दोन किलो शंभर ग्रॅम आहे, लाल कापड धरून. मित्रांनो, हा आकडा मला गेल्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हता. तो कळण्याची वेळ माझ्यावर येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझा जन्म छापखान्यात झाला. शिशाचा एकेक खिळा जुळवून माझी पानं छापली. टाईप मुद्दाम मोठा घेतला, कारण मला वाचणारे बहुतेक चष्मेवाले असणार हे छापणाऱ्याला ठाऊक होतं. करकंबच्या एका कुटुंबानं मला विकत घेतलं आणि पुढं सोलापुरातल्या एका वाचनालयाला भेट दिलं.

तिथले ग्रंथपाल होते यज्ञेश्वरकाका. नव्या पुस्तकावर मारायचा रबरी शिक्का त्यांनी उचलला, शाईत बुडवला, माझ्यावर नेला आणि तसाच हवेत धरला.

"छे छे! देवाच्या अंगावर शिक्का?"

शिक्का परत टेबलावर गेला आणि दोन्ही हात जोडले गेले. त्या दिवसापासून नियम झाला. बाकीची पुस्तकं कार्डावर न्यायची. पोथी न्यायची तर फक्त आंघोळ करून यायचं. नोंद नाही, तारीख नाही. माझ्या शेवटच्या पानावर तारखांसाठी चिकटवलेली चिठ्ठी कोरीच राहिली.

मला याचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू? शेजारच्या कादंबरीची चिठ्ठी शिक्क्यांनी जांभळी झाली होती. मी तिच्याकडे जरा वरूनच बघायचे.

दर श्रावणात मी घरोघरी जात असे. सात दिवसांचं पारायण झालं की परत येई, ती हळद, तुपाचे थेंब आणि तुळशीची पानं घेऊनच. चौदाव्या अध्यायावर शेंगाचटणीचा डाग आहे. तो कुणाचा हे मला माहीत आहे, पण पोथीनं चहाड्या करू नयेत.

पुढं यज्ञेश्वरकाका गेले. श्रावण येत राहिले, माणसं येईनाशी झाली. येत राहिले ते एकटे सुबोध सर.

सुबोध सर लेखक आहेत. जुनी पुस्तकं, वाचनालयं, पोथ्या म्हटलं की ते तासन्‌तास बोलत राहतात. रोज अकराला येऊन ते मला कपाळ लावत, डोळे मिटून माझा वास घेत आणि तिथंच टेबलावर बसून एक अध्याय वाचत. रविवारच्या पुरवणीत त्यांनी माझ्यावर तीन लेख लिहिले. पहिल्यात मला आई म्हटलं, दुसऱ्यात नदी, तिसऱ्यात मोगऱ्याचा वेल. घरी मात्र एकदाही नेलं नाही.

मंगळवारी ते आले तेव्हा मी कपाटात नव्हते. दाराशी ढिगावर होते.

"हिंदुराव! ही इथं कशी?"

हिंदुराव म्हणजे आताचे ग्रंथपाल, वैराग गावचे. त्यांनी कॉम्प्युटर सरांकडे वळवला. "अभ्यासिकेच्या खुर्च्यास्नी जागा पायजे, सर. धा वर्सांत एकदाबी भाईर न गेलेली पुस्तकं काढायचा ठराव झालाय. हिच्याम्होरं शून्य हाय."

"अहो, मी रोज वाचतो की तिला!"

"वाचता व्हय. पर न्हेता कुटं?"

"आणि पानापानावर हळद आहे, ती काय उगाच लागली?"

"ते तर लईच अवघड झालं," हिंदुराव म्हणाले. "डाग पडलेली प्रत ठरावाबिगर काढता येती."

मित्रांनो, मी सुन्न झाले. चाळीस श्रावणांची हळद, आणि तिचा अर्थ हा? ज्या कोऱ्या चिठ्ठीच्या जोरावर मी कादंबरीला तुच्छ लेखलं, तीच आता माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. कादंबरी कपाटात सुखरूप होती. माझ्याकडे ती वरूनच बघत होती.

"आज पाचच्या आत कुनी कार्डावर न्हेली तर नाव काढतो यादीतनं," हिंदुराव म्हणाले.

"मग माझ्याच कार्डावर घाला!"

"तुमच्या कार्डावर दोन हायती. आठ म्हैने झालं. ती आना आदी."

सर स्कूटरवरून जे सुटले, ते साडेचार झाले तरी आले नाहीत. त्याऐवजी टेम्पो आला. रद्दीचं दुकान चालवणाऱ्या सुंदरम्मा उतरल्या आणि त्यांनी काटा मांडला. हिंदुरावांनी मला उचललं. आधी कपाळाला लावलं, पण ठराव तो ठराव. काट्यावर आकडा उमटला: दोन किलो शंभर.

"अय्यो!" सुंदरम्मांनी आधी चपला काढल्या, मग मला उचललं. "पोथीला काट्यावर घालता व्हय ओ साहेब? मी न्हाय घेणार. पाप लागतंय."

"मग मी कुटं ठेवू? यादीत हाय ती!"

वाचनालय ठेवीना, रद्दी घेईना. दुनियेत मला जागा उरली ती सुंदरम्मांच्या हातांवर. त्यांनी उभ्या उभ्याच पान उलटलं.

"अक्षर मोठं हाय की," त्या हळूच म्हणाल्या. "सासूबाईंची नजर गेली. रोज कायतरी वाचून दाखव म्हणतात. नेऊ का मी?"

"आदार कार्ड हाय?"

होतं. हिंदुरावांनी सभासदाचा फॉर्म इतका झरझर भरला, की हा माणूस दिवसभर याचीच वाट बघत होता की काय, अशी मला शंका आली. मग त्यांनी माझी कोरी चिठ्ठी उघडून तारखेचा शिक्का उचलला. आणि तसाच हवेत धरला.

माझा जीव खालीवर झाला. आयुष्यभर ज्याला नाकारलं, त्यालाच मनात म्हणत होते, मार रे बाबा!

धप्प.

बाकीचा ढीग टेम्पोत चढवून सुंदरम्मा मला पदराखाली घेऊन दारात चपला घालत होत्या, तेवढ्यात सुबोध सर आमच्या शेजारून धावत आत गेले. पाचला पाच कमी होते. हातातल्या दोन पुस्तकांपैकी एकाला खिडकीचा हिरवा रंग लागला होता. पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या या माणसानं आठ महिने ते खिडकीला टेकू म्हणून लावलं होतं आणि आज दिवसभर घरभर शोधलं होतं. त्यांनी ढिगाची रिकामी जागा पाहिली आणि पुस्तकं तशीच काउंटरवर टाकली.

"गेली?"

"गेली, सर."

"रद्दीत?"

"न्हाय," हिंदुराव म्हणाले. "वाचायला."

सध्या मी सोलापूरच्या पूर्व भागात, सुंदरम्मांच्या घरी मुक्कामाला आहे. सासूबाई भलत्याच जागी हसतात, पण ऐकतात मन लावून. येत्या मंगळवारी वाचनालयात परत जायचंय. पुढचा नंबर सुबोध सरांनी लावलाय, आणि त्यांच्या खाली हिंदुरावांनी.

मित्रांनो, जुन्या पुस्तकाला नमस्कार जरूर करा. वासही घ्या. पण मग त्याला उचलून काउंटरवर न्या आणि शिक्का मारून घ्या. दुखत नाही. जरा गार लागतो, इतकंच.