हलका क्लच

बाबांच्या गाडीच्या इंजिनाने शेवटचा आचका दिला तो भर बाजारात, आणि असा दिला की फळवाल्याची टरबुजं न कापता उकलली. निदान बाबा तसं सांगत. त्यांच्या गोष्टीतलं अर्धं वजा केलं तरी उरलेलं खोटंच असे, पण ऐकणारे ती पुरती ऐकत.

आयुष्यभर टॅक्सी चालवलेला माणूस. लेकीला लहानपणी बाहुलीऐवजी पाना दिला, आणि पुढे तिने स्वतःचं गॅरेज काढल्यावर तिला ‘मिस्त्री’ म्हणायला लागले. कौतुकाने कमी, चिडवायला जास्त. त्याच मिस्त्रीने आता ठोकलेल्या एका गाडीचं धडधाकट इंजिन मिळवलं होतं. घोडं अडलं होतं ते गिअरबॉक्सवर.

दोन होते. टेबलावर शेजारी शेजारी मांडलेले, सख्ख्या भावांसारखे. कारखाना एक, गिअर पाच-पाच. जुन्याचा क्लच तारेने ओढायचा, म्हणून जड. नव्याचा तेलाच्या दाबावर चालणारा, बोटानेही दबेल असा.

नवाच बसवायचा, हे लेकीचं आधीच ठरलं होतं. का, ते बोलली नव्हती. साखरेच्या आजाराने बाबांचा डावा पाय हल्ली फरफटत यायचा. चप्पल मागे राहायची आणि बाबा पुढे निघून जायचे. पायात जोर उरला नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

“जुना बसव,” बाबा म्हणाले.

“बाबा, त्याचा क्लच दाबायचा म्हणजे पैलवानाचं काम आहे.”

“मग मी कोण आहे? असल्याच क्लचवर मी एकदा आगगाडीचं इंजिन ओढलंय.”

“मागच्या वेळी बस होती.”

“बसच्या मागे इंजिन होतं. तू कधी पूर्ण ऐकतच नाहीस.”

त्यांनी दोन्ही दांडे आलटून पालटून हलवले. “हा बघ, गिअर पडला की ठणकावून सांगतो. आणि हा तुझा नवा, नुसती ओल्या साबणाची वडी. हातात आहे की निसटली, पत्ता नाही.”

वाद घातला असता तर आपणच हरणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने सरळ थाप मारली. “जुना या इंजिनाला बसतच नाही. बोल्टची भोकं जुळत नाहीत.”

बाबा वाकले. जुन्या बॉक्सच्या तोंडावरून त्यांनी बोट फिरवलं, मग इंजिनाच्या. एकेका भोकावर थांबत, सावकाश. लेक स्वच्छ पाना पुन्हा पुसत राहिली.

“नाही जुळत,” ते शेवटी म्हणाले. “मलाच उगीच वाटलं.”

थाप पचली, असं वाटून तिने सुस्कारा सोडला. त्यांनी पुन्हा हट्ट धरू नये म्हणून दुसऱ्या दिवशी जुना बॉक्स भंगारात घातला. तो तिथे फुटला, भट्टीत गेला. तसा दुसरा आता दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

गाडी तयार झाली तेव्हा बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्टिअरिंगमागे बसले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. लेक दारापाशी उभी होती. गाडी मात्र हलेना. बाबा समोर बघत होते.

“दाबला का गं?”

“काय?”

“क्लच. खाली गेलाय का, बघ जरा.”

तिला आधी ती नेहमीची मस्करी वाटली. मग ती वाकली. बूट पार तळापर्यंत गेला होता. “गेलाय.”

“आणि आता?” त्यांनी गिअर टाकून पाय उचलला. गाडी हिसका देऊन बंद पडली.

“जोर आहे अजून,” बाबा म्हणाले. “पावलाला काही कळत नाही, एवढंच. जड क्लच गुडघ्याला ढकलतो, मांडीत समजतं किती दाबलाय ते. म्हणून तो मागत होतो.”

“मग सांगायचं नाही का?”

“तू किल्ली काढून घेतली असतीस.” ते थांबले. “भोकं जुळत होती, मिस्त्री. बोटांना अजून कळतं.”

तिचा चेहरा उतरला. “मी शोधते तसाच. हा उतरवते.” बोलता बोलताच तिची नजर ब्रेकपाशी गेली. “आणि उजवा पाय?”

“तोही निघालाय त्याच्या मागोमाग.”

बाबांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, एखादं सामान उचलावं तसा, आणि ते सरकत सरकत शेजारच्या सीटवर गेले. लेक स्टिअरिंगमागे बसली.

“तू क्लच दाब. गिअर मी टाकतो.”

जन्मभर डाव्या हाताने गिअर टाकलेला माणूस आता उजव्याने दांडा धरून बसला. सगळं उलटं. दांडा चाचपडला, अडला, आतून करकरला. त्यांनी तो परत मधे आणला.

“पहिला तुमच्या बाजूला, बाबा. मग पुढे.”

“माहीत आहे,” ते म्हणाले, आणि पुन्हा चुकले.

तिने क्लच दाबून धरला आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली, त्यांच्या हाताकडे बघावं लागू नये म्हणून.