नागामिनेची गादी

मित्रांनो, मी एक जुनी हवाई छत्री आहे. खरं तर छत्रीचा उरलेला अर्धा तुकडा. कारखान्यात माझ्या रेशमावरून हात फिरवत शिवणाऱ्या मुली म्हणायच्या, "ही एकाला तरी घरी आणील." ते ऐकून मी फुगून जायचे.

दुसऱ्या महायुद्धात राबाउलच्या विमानतळावर मात्र माझी गादी झाली. आमच्या जपानी नौदलाचे वैमानिक मला बुडाखाली घेऊन बसत, पण माझे पट्टे अंगाला बांधत नसत. माझा वैमानिक नागामिने, तरणाबांड, हसरा आणि हट्टी. त्याच्या विमानाची निगा राखणारा तोकुदा त्याच्या बापाच्या वयाचा. दमट हवेत मला बुरशी लागू नये म्हणून तोकुदा मला उलगडून वाळवायचा, पुन्हा हळुवार घडी घालायचा आणि उड्डाणापूर्वी न चुकता म्हणायचा, "साहेब, पट्टे."

"अहो म्हातारबा, पट्ट्यांत जखडून मागं वळून बघता येत नाही. आणि शत्रूच्या मुलखात उतरून कैदी झालो, तर आईला तोंड कसं दाखवू?"

"मेल्यावर दाखवणार आहात का?"

नागामिने हसण्यावारी न्यायचा आणि उडायचा.

एका सकाळी शत्रूची विमानं थेट आमच्या तळावर चालून आली. नागामिने वर झेपावला. त्याने एकाचा पिच्छा पुरवला, त्याच्यातून धूर निघाला, तेवढ्यात दुसरं विमान उन्हाच्या आडून पाठीवर आलं. आमचा पंख फाटला, इंजिन बंद पडलं. उडी मारण्याइतकी उंची होती. खाली शत्रूचा मुलूख नव्हता, आमचीच खाडी होती आणि काठावर तोकुदा उभा होता.

नागामिनेचा हात माझ्या पट्ट्यांवर आला. पण ते त्याच्याच वजनाखाली अडकले होते. एका हाताने ते सुटेनात आणि दुसरा हात विमान वळवायच्या दांड्यावरून काढला की विमान गरगरायचं. मी त्याच्या अंगाला लागूनच होते, मित्रांनो, आणि मला काहीही करता आलं नाही. खूप वाईट वाटतं.

विमान खाडीत कोसळलं, आणि तिथून आम्हा दोघांना एकदमच बाहेर काढलं. तोकुदाने मला वाळवलं, मधोमध कापलं, एका भागात नागामिनेचा देह गुंडाळला आणि पट्टे घट्ट बांधले. दुसरा भाग घेऊन, लढाई संपल्यावर, तो नागामिनेच्या आईकडे गेला. त्या माउलीने मला मांडीवर पसरून बराच वेळ पाहिलं.

"ही त्याच्याजवळ होती?" तिने विचारलं.

तोकुदा मान खाली घालून म्हणाला, "होती, आई."

मित्रांनो, जीव राखणारी वस्तू नुसती जवळ बाळगू नका, ती अंगाला बांधा. तोकुदाला जे उत्तर द्यावं लागलं, ते तुमच्या आईला देण्याची पाळी कुणावर येऊ देऊ नका.